टाउन हॉलवर कोणता झेंडा फडकणार, हे नक्की ठरवतं कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात राहता. तिथल्या टाउन हॉलवर एरवी युनियन फ्लॅग, म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रध्वज असतो, जूनमध्ये एलजीबीटी समाजाचा इंद्रधनुषी झेंडा दिसतो आणि २०२२ मध्ये बरेच महिने युक्रेनचा झेंडा होता. तुमच्या मराठी मंडळाने १५ ऑगस्टला तिरंगा आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त भगवा लावावा, अशी विनंती केली. तुमच्या भागातल्या कौन्सिलरने तोंडभरून होकार दिला आणि महिन्याभराने ऑफिसातून 'आमच्या धोरणात बसत नाही' असं दोन ओळींचं उत्तर आलं. हा भेदभाव आहे का, आणि हे सगळं ठरवतं तरी कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी इंग्लंडमधल्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या डेमोक्रॅटिक सर्व्हिसेस विभागात बरीच वर्षं काढली आहेत. सभांची विषयपत्रिका, ठराव, कौन्सिलच्या घटनेची कलमं, आणि हो, झेंड्यांच्या अर्जांची फाइलही आमच्याच टेबलावर यायची. त्यामुळे जे लिहितोय ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. मात्र तुमच्या कौन्सिलचं धोरण मी पाहिलेलं नाही आणि प्रत्येक कौन्सिलचा कारभार वेगळा असतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियमही वेगळे आहेत. मी बोलतोय ते इंग्लंडपुरतं.

बहुतेकांना वाटतं की याबद्दल कुठेतरी एक जाडजूड कायदा असेल. तसा कायदाच नाही. कौन्सिलने आपल्या इमारतीवर अमुक झेंडा लावलाच पाहिजे, असं इंग्लंडमधला कुठलाही कायदा सांगत नाही, अगदी युनियन फ्लॅगबद्दलही नाही. संस्कृती खातं ठरावीक दिवसांची यादी काढतं, ती केंद्र सरकारच्या इमारतींसाठी. २०२१ मध्ये सरकारने आपल्या इमारतींवर युनियन फ्लॅग वर्षभर लावायचं ठरवलं. तेव्हाचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी कौन्सिलांना पत्र लिहिलं, तेही तुम्हीसुद्धा लावा असं सुचवणारं. तो हुकूम नव्हता.

कायदा येतो तो भलत्याच दारातून. इंग्लंडच्या नगररचना कायद्यात झेंडा ही 'जाहिरात' मानली जाते. २००७ चे जाहिरात नियंत्रण नियम आणि त्यातली २०१२ ची मोठी दुरुस्ती यांनी झेंड्यांचे ढोबळमानाने तीन गट केले आहेत. काही झेंड्यांना परवानगीच लागत नाही. काहींना आकार, संख्या, खांब यांच्या अटी पाळल्या तर परवानगी आहे असं धरलं जातं. उरलेल्यांसाठी रीतसर अर्ज करावा लागतो. कुठल्याही देशाचा राष्ट्रध्वज पहिल्या गटात येतो. संयुक्त राष्ट्रांचा, राष्ट्रकुलाचा, काउंटीचा, शहराचा, गावाचा, सैन्यदलांचा झेंडाही तिथेच. इंद्रधनुषी झेंडा दुसऱ्या गटात आहे. युरोपीय संघाचा झेंडा पूर्वी मोकळ्या यादीत होता, २०२१ मध्ये तो काढला गेला.

म्हणजे तुमचा तिरंगा नगररचनेच्या दृष्टीने पूर्ण मोकळा आहे. भगवा पहिल्या दोन गटांत सरळ बसत नाही. हा फरक तुमच्या दोन ओळींच्या उत्तरात कुणी सांगितला नसावा, आणि तुमच्या अर्जातली पहिली अडचण बहुधा तिथेच आहे. दोन अगदी वेगळ्या विनंत्या एकाच पत्रात गेल्या. अधिकाऱ्याने अवघड अर्ध्याकडे पाहिलं आणि पूर्ण पत्राला नकार दिला. असं होताना मी पुष्कळदा पाहिलंय.

पण नगररचनेच्या परवानगीला फार महत्त्व देऊ नका. 'परवानगी लागत नाही' याचा अर्थ एवढाच की लावला तर कुणी कारवाई करणार नाही. लावायचा की नाही, हे इमारतीचा मालक ठरवतो आणि टाउन हॉलची मालक कौन्सिल आहे. त्यामुळे खरा प्रश्न कायद्याचा नाहीच. कौन्सिलमध्ये हा अधिकार कुणाच्या हातात आहे आणि तो कशाच्या आधारावर वापरला जातो, तिथे सगळं अडतं.

अधिकार कुणाकडे, याचं उत्तर कौन्सिलच्या घटनेत असतं. प्रत्येक कौन्सिलची अशी लेखी घटना वेबसाइटवर मिळते. तिच्यात अधिकार सोपवण्याचं एक परिशिष्ट असतं, ते वाचा. इंग्लंडमधल्या बऱ्याच कौन्सिलांमध्ये लीडर (कौन्सिलरांचा राजकीय प्रमुख) आणि कॅबिनेट अशी पद्धत आहे. तिथे झेंड्यांचं धोरण कॅबिनेट किंवा पूर्ण सभा मंजूर करते आणि रोजचा निर्णय चीफ एक्झिक्युटिव्ह किंवा एखाद्या संचालकाकडे सोपवलेला असतो, बहुतेक वेळा 'लीडरशी विचारविनिमय करून' या शेपटासकट. बहुतेक ठिकाणचा मेयर हा मानाचं पद सांभाळणारा माणूस. गळ्यातली सोनेरी साखळी घालून तो तुमच्या कार्यक्रमाला येईल, छान बोलेल, पण झेंड्याचा अधिकार त्याच्याकडे असेलच असं नाही. तुमच्या कौन्सिलरचंही तेच. कॅबिनेटमध्ये नसलेल्या कौन्सिलरला एकट्याने काही मंजूर करता येत नाही. त्याचा होकार म्हणजे शिफारस होती. तुम्ही तो निर्णय समजलात, त्यात तुमचा दोष नाही, पण ऑफिसने तुम्हाला फसवलं असंही नाही.

तुमचा टाउन हॉल जर छोट्या टाउन कौन्सिलच्या किंवा गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलच्या मालकीचा असेल तर गोष्ट सोपी होते. तिथे कॅबिनेट नसतं. विषय सभेच्या पत्रिकेवर यावा लागतो, सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी पत्रिका जाहीर व्हावी लागते आणि बहुमताने ठराव होतो. क्लार्कला, म्हणजे त्या कौन्सिलच्या मुख्य अधिकाऱ्याला भेटा, तो किंवा ती सगळं सांगेल.

आता धोरणाचा मुद्दा. याबद्दल माझं मत ठाम आहे.

झेंड्याचा खांब म्हणजे कौन्सिलचं स्वतःचं लेटरहेड आहे की गृहसंस्थेच्या जिन्यातला नोटीस बोर्ड, हे कौन्सिलने आधी ठरवायला हवं. लेटरहेड असेल तर त्यावर काय छापायचं ते फक्त कौन्सिल ठरवणार, कुणी 'माझं का नाही' म्हणू शकत नाही. नोटीस बोर्ड असेल तर नियमात बसणारा प्रत्येक कागद लावावा लागतो, आवडो न आवडो. गोंधळ होतो तो कौन्सिल तोंडाने लेटरहेड म्हणते आणि वागते नोटीस बोर्डासारखी, तेव्हा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर तीन खांब आहेत. तिसऱ्यावर एरवी शहराचा झेंडा असायचा, पण लोकांना छोटा समारंभ करून आपला झेंडा तिथे चढवू दिला जायचा. २००५ ते २०१७ या काळात असे २८४ समारंभ झाले, सुमारे ५० वेगवेगळे झेंडे चढले आणि एकालाही नकार मिळाला नव्हता. २०१७ मध्ये हॅरोल्ड शर्टलेफ यांनी त्यांच्या संस्थेतर्फे ख्रिस्ती झेंडा लावायला मागितला आणि शहराने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. सरकारी इमारतीवर धार्मिक झेंडा नको, असं कारण दिलं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी शहराविरुद्ध निकाल दिला. तर्क सोपा होता: इतकी वर्षं तुम्ही न बघता सगळ्यांना हो म्हणत होतात, म्हणजे खांबावरून बोलत होते ते लोक, शहर नव्हे. मग एकाचं मत धार्मिक आहे म्हणून त्याला अडवता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकालपत्रात सॅन होजे शहराच्या धोरणाकडे बोट दाखवलं. आमचे खांब हे जनतेच्या अभिव्यक्तीचं व्यासपीठ नाही, असं त्या शहराने आधीच लिहून ठेवलं होतं. बॉस्टननेही नंतर नियम बदलून निर्णय मेयरच्या घोषणेकडे किंवा कौन्सिलच्या ठरावाकडे आणला.

हा निकाल इंग्लंडमध्ये लागू नाही. इथल्या न्यायालयांची चौकट वेगळी आहे. पण त्यातली कारभाराची शिकवण जशीच्या तशी लागू पडते. पहिल्या अर्जाला हो म्हणणं सोपं असतं, कारण तो सहसा सगळ्यांना आवडणाऱ्या गटाचा असतो. धोरणाची परीक्षा होते दुसऱ्या अर्जाच्या वेळी, आणि दुसरा अर्ज हमखास असा येतो की लीडरच्या कपाळाला आठी पडते. म्हणून आमच्याकडे कुणी नवा झेंडा सुचवला की मी एकच प्रश्न विचारायचो: हाच निकष लावून उद्या कोण येईल, आणि त्यालाही हो म्हणाल का? बऱ्याच सूचना तिथेच शांत व्हायच्या.

तुमच्या बाबतीत तो 'उद्याचा' कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. १५ ऑगस्टला तिरंगा लावला की १४ ऑगस्टला पाकिस्तानी समाजाचा अर्ज येणार. यायलाच हवा, त्यात काही वावगं नाही. मग बांगलादेश, श्रीलंका, पोलंड, नायजेरिया. कौन्सिलचा अधिकारी तुमचं पत्र वाचताना ही सगळी रांग डोळ्यांसमोर आणतो. तुम्हाला तुमचा एक झेंडा दिसतो, त्याला वर्षाचं कॅलेंडर दिसतं.

यावर कौन्सिलांनी वेगवेगळे मार्ग काढलेत. एक मार्ग म्हणजे यादी बंद करणं: ब्रिटनचा राष्ट्रध्वज, इंग्लंडचा सेंट जॉर्जचा झेंडा, काउंटीचा झेंडा, बास. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांनंतर रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाच्या ताब्यात गेलेल्या काही कौन्सिलांनी हा रस्ता धरला. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या वेस्टलॉक गावात फेब्रुवारी २०२४ मध्ये चक्क सार्वमत झालं आणि पालिकेच्या मालमत्तेवर फक्त सरकारी झेंडे लावायचे, असा नियम २४ मतांच्या फरकाने मंजूर झाला. या मार्गाला लोक सरसकट संकुचित म्हणतात. मला तो तितका वाईट वाटत नाही. निदान तो सगळ्यांना सारखा 'नाही' म्हणतो. पण भांडण त्याने संपतं, असं मात्र समजू नका. ते यादी कोण करतो इथे सरकतं. अमेरिकेत युटा राज्याने २०२५ मध्ये सरकारी इमारतींवर मोजकेच झेंडे चालतील असा कायदा केला, त्यात शहराचे अधिकृत झेंडे चालणार होते. सॉल्ट लेक सिटीने लगेच आणखी तीन अधिकृत शहरझेंडे मंजूर केले. त्यात एक इंद्रधनुषी पट्ट्यांचा होता, कोपऱ्यात शहराचं लिलीचं फूल. कायदा पाळला गेला आणि झेंडाही राहिला.

फ्रान्सने हा गुंता तत्त्वाने सोडवला आहे. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर सेंट-आन नावाच्या गावाच्या महापौरांनी स्वातंत्र्यवादी झेंडा पालिकेवर लावला होता. २००५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक सेवा तटस्थ असली पाहिजे, म्हणून राजकीय, धार्मिक किंवा तात्त्विक मताचं चिन्ह सार्वजनिक इमारतीवर चालणार नाही. इंग्लंडमध्ये इतकं कडक तत्त्व नाही. इथे आहे ते दोन कुंपणांचं काम. एक, १९८६ च्या स्थानिक शासन कायद्याचं दुसरं कलम: राजकीय पक्षाच्या जनाधारावर परिणाम करण्यासाठी आहे असं दिसणारं काहीही कौन्सिलला प्रसिद्ध करता येत नाही. दुसरं, २०१० च्या समानता कायद्याचं कलम १४९: कुठलाही निर्णय घेताना भेदभाव टाळणं, समान संधी वाढवणं आणि वेगवेगळ्या गटांमधले संबंध चांगले राखणं याचा विचार केला पाहिजे.

यातलं तिसरं, 'चांगले संबंध', हेच झेंड्याच्या फाइलवर सगळ्यात जास्त लिहिलं जातं. त्याचं कारण उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. तिथल्या सिटी हॉलवर १९०६ पासून युनियन फ्लॅग रोज फडकत होता. राष्ट्रवादी, म्हणजे आयर्लंडशी एकीकरण हवं असलेल्या पक्षांना तो अजिबात नको होता, युनियनवादी, म्हणजे ब्रिटनबरोबर राहायचं म्हणणाऱ्या पक्षांना रोज हवा होता. ज्यांच्या हातात बहुमताचा काटा होता त्या अलायन्स पक्षाने मधला मार्ग सुचवला: फक्त ठरावीक दिवशी. ३ डिसेंबर २०१२ रोजी २९ विरुद्ध २१ मतांनी तो मंजूर झाला, त्या वेळी वर्षाला १८ दिवस. कागदावर तो अगदी समंजस तोडगा होता. पण त्या रात्रीपासून कित्येक महिने रस्त्यावर निदर्शनं आणि दंगली झाल्या, अलायन्सच्या कार्यालयांवर हल्ले झाले. तोडगा चुकीचा होता असं मी म्हणत नाही, तो आजही टिकून आहे. पण शंभर वर्षं असलेली गोष्ट खाली उतरवणं आणि नवी गोष्ट वर चढवणं यांचं वजन सारखं नसतं, हे त्यानंतर प्रत्येक कौन्सिलच्या अधिकाऱ्याला कळलं.

आणि हेच मला युक्रेनच्या झेंड्याबद्दल सांगायचंय, कारण तुमच्या पत्रात 'त्यांचा चालतो मग आमचा का नाही' असा सूर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बऱ्याच ठिकाणी तो झेंडा एखाद्या धोरणातून आला नाही. लीडरचा फोन, संध्याकाळपर्यंत झेंडा वर. भावना खरी होती आणि कुणाचीच तक्रार नव्हती. पण तो कधी उतरवायचा हे कुणी ठरवलं नव्हतं. सहा महिन्यांनी उतरवला तर पाठिंबा संपला का, असा प्रश्न. ठेवला तर मग बाकीच्या युद्धांचं काय, असा प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेफील्डच्या टाउन हॉलवर इस्रायलचा झेंडा लावला गेला, तेव्हा आंदोलक छतावर चढले, त्यांनी तो उतरवला आणि पॅलेस्टाइनचा लावला. त्या आठवड्यांत अनेक कौन्सिलांनी घाईने आपापली धोरणं काढून वाचली असतील, याबद्दल मला शंका नाही. तुम्हाला आलेलं 'धोरणात बसत नाही' हे उत्तर अशाच कुठल्या तरी नव्याने कडक केलेल्या धोरणातून आलं असण्याची शक्यता बरीच आहे.

मग हा भेदभाव आहे का? निव्वळ एका देशाचा झेंडा लावला आणि दुसऱ्याचा नाही, एवढ्याने बेकायदा ठरत नाही. कौन्सिलला निवड करण्याचा अधिकार आहे. पण निवडीमागे कारण हवं, ते कारण लिहिलेलं हवं आणि सगळ्यांना तेच लावलेलं हवं. धोरणात 'इतर देशांचे राष्ट्रध्वज त्यांच्या राष्ट्रीय दिनी लावू' असं म्हटलं असेल आणि तुम्हाला तरीही नकार दिला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. धोरणात राष्ट्रध्वजांना जागाच नसेल आणि युक्रेनचा अपवाद लीडरने केला असेल, तर तुमची तक्रार नैतिक आहे, कायदेशीर फारशी नाही. म्हणून आधी धोरणाची प्रत मिळवा. वेबसाइटवर नसेल तर माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली ईमेल करा. कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच ईमेलमध्ये गेल्या तीन वर्षांत कोणकोणते झेंडे लावले आणि प्रत्येकाला मंजुरी कुणी दिली, हेही विचारा. वकिलाच्या नोटिशीपेक्षा हे एक पान जास्त काम करतं.

आता तुमच्या दोन विनंत्या. त्या आधी वेगळ्या करा.

तिरंग्यासाठी पुन्हा अर्ज करा आणि त्यात अधिकाऱ्याची काळजी तुम्हीच मिटवा. १५ ऑगस्ट हाच ब्रिटनमध्ये व्ही. जे. डे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानवरच्या विजयाचा दिवस. टाउन हॉलला एकच खांब असेल तर तो त्या दिवशी मोकळा नसण्याची शक्यता आहे. कित्येकदा नकाराचं कारण एवढं साधं असतं आणि कुणी ते सांगत नाही. पण हाच योगायोग तुमच्या बाजूनेही वळवता येतो. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्यात भारतीय सैनिक फार मोठ्या संख्येने होते. सकाळी स्मृती कार्यक्रम आणि त्याला जोडून तिरंगा, अशी मांडणी केली तर अधिकाऱ्याला अडचणीऐवजी कार्यक्रम दिसतो. दुसरं, तुमच्या गावात पाकिस्तानी समाजाची संस्था असेल तर त्यांच्याशी बोला आणि १४ व १५ तारखेचा एकत्र अर्ज द्या. हे काहींना रुचणार नाही, मला माहीत आहे. पण 'चांगले संबंध' या कलमापुढे याच्याइतका मजबूत कागद दुसरा नाही. असा अर्ज नाकारायला अधिकाऱ्याला खरोखर कारण शोधावं लागेल.

खांब दोन असतील तर एक शिष्टाचार लक्षात ठेवा. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्या देशाच्या झेंड्यापेक्षा खाली किंवा लहान असू नये. इथे एक छोटी तांत्रिक गंमत आहे. युनियन फ्लॅगची लांबी रुंदीच्या दुप्पट असते, तिरंग्याचं प्रमाण तीनास दोन. त्यामुळे सारख्या रुंदीचे घेतले तरी तिरंगा आखूड दिसतो आणि कुणीतरी तक्रार करतंच. रुंदी सारखी असली की झालं. झेंडा तुम्ही देणार असाल तर पॉलिएस्टरचा द्या. भारताच्या ध्वजसंहितेत डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून यंत्रावर बनवलेलं पॉलिएस्टर चालतं, आणि इंग्लंडच्या पावसात खादी टिकत नाही. झेंड्यावर किंवा खांबावर मंडळाचं नाव, बोधचिन्ह काही जोडू नका. झेंड्याच्या मूळ रचनेबाहेर काही आलं की ती पुन्हा जाहिरात होते. नियमात सूट आहे ती फक्त शोकाच्या काळ्या फितीला, कारण भिंतीतून तिरक्या निघालेल्या खांबावर झेंडा अर्ध्यावर उतरवता येत नाही.

१५ ऑगस्ट शनिवारी किंवा रविवारी येत असेल तर झेंडा चढवणार कोण, हेही विचारून ठेवा. छतावर जायला प्रशिक्षित कर्मचारी लागतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा जादा पगार. शुक्रवारी चढवून सोमवारी उतरवायची तयारी तुम्ही आपणहून दाखवलीत तर एक हरकत कमी होते. 'नवा खांब आम्ही देणगी देतो' असं मात्र सुचवू नका. टाउन हॉल जुना आणि वारसा यादीतला असेल तर खांब बसवायलाही वेगळी परवानगी लागते आणि वर्ष त्यातच जातं.

भगव्याबद्दल माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. बाहेरच्या खांबासाठी आग्रह धरू नका. तो राष्ट्रध्वज नाही, मोकळ्या यादीत नाही, म्हणून रीतसर परवानगीचा अर्ज करावा लागेल. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे अधिकारी इंटरनेटवर शोधणार. तुमच्यासाठी तो शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा झेंडा आहे. त्याला मात्र एकाच वेळी इतिहास, देऊळ आणि भारतातले राजकीय पक्ष असं सगळं दिसेल. पक्ष दिसला की १९८६ चा कायदा आठवतो, धर्म दिसला की बाकीच्या धर्मांचे अर्ज आठवतात. त्याला खरं-खोटं करायला वेळ नसतो, तो नाही म्हणतो. त्याच्या जागी मी असतो तरी मीही असंच टिपण लिहिलं असतं.

त्याऐवजी सभागृह मागा. इमारतीच्या आत लावलेल्या झेंड्याला जाहिरातीचे हे नियम लागत नाहीत, फक्त तो खिडकी-दारापासून एक मीटरच्या आत, बाहेरून दिसेल असा नको. कौन्सिल चेंबरमध्ये किंवा बँक्वेट हॉलमध्ये शिवजयंतीचा कार्यक्रम, पुतळ्यामागे भगवा, मेयरला आमंत्रण, शाळकरी मुलांचं पोवाडा गायन. हे हॉल भाड्याने देण्याचे नियम ठरलेले असतात, त्यात कुणाला विशेष मेहरबानी करावी लागत नाही. बाहेरच्या खांबाखाली फोटो काढून लोक निघून जातात. आत दोनशे माणसं दोन तास बसतात. पुढच्या वर्षी त्यातले चार कौन्सिलर तुम्हाला नावाने ओळखत असतील.

आणखी एक. गावात कुणी सुचवलं की 'मग दिव्याच्या खांबांना लावू', तर त्या फंदात पडू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडभर दिव्याच्या खांबांवर युनियन आणि सेंट जॉर्जचे झेंडे बांधले गेले आणि ते काढण्यावरून कौन्सिलांचे हाल झाले. ते खांब रस्ते विभागाच्या ताब्यात असतात, परवानगीशिवाय काही बांधणं १९८० च्या महामार्ग कायद्याविरुद्ध जातं, आणि त्या वादात तुमच्या मंडळाचं नाव ओढलं जाण्यात काही फायदा नाही.

तिरंग्याचा अर्ज पुन्हा नाकारला तर पूर्ण सभेत नागरिकांच्या प्रश्नोत्तरांचा वेळ असतो. तिथे एकच प्रश्न आधी लेखी पाठवा: 'इतर देशांच्या राष्ट्रध्वजांबाबत कौन्सिलचा निकष काय आहे आणि गेल्या तीन वर्षांत तो प्रत्येक वेळी कसा लावला?' उत्तर इतिवृत्तात नोंदलं जातं, आणि इतिवृत्तात जाणारं उत्तर दोन ओळींचं नसतं. कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या ओम्बुड्समनकडे जाता येतं, पण तो निर्णय बरोबर की चूक हे पाहत नाही, प्रक्रिया पाळली का एवढंच पाहतो. न्यायालयात निर्णयाला आव्हान द्यायचं तर फार तर तीन महिन्यांत द्यावं लागतं आणि खर्च तुमच्या मंडळाच्या कित्येक गणेशोत्सवांइतका होईल. तो रस्ता मी सुचवणार नाही. अर्ज जानेवारीत पाठवा. ऑगस्टच्या कार्यक्रमांचं कॅलेंडर बऱ्याच ठिकाणी वसंतातच भरतं, आणि जुलैमध्ये आलेल्या पत्राला 'नाही' म्हणणं अधिकाऱ्याला सगळ्यात सोपं जातं.